बिलोलीकर बाईंची उलटतपासणी

बरकतपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर डॉ. सुमती बिलोलीकरांचा दवाखाना होता. वाकडे दात तारा लावून सरळ करायचे, एवढंच काम त्या करत. दाढ दुखते म्हणून कुणी आलं तर त्याला दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता देत आणि तो खरंच तिकडे जातो का, हे खिडकीतून बघत. त्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काम केलं. वेळांची वही सांभाळायची, दातांच्या मापात प्लास्टर ओतून जबडे तयार करायचे आणि रडणाऱ्या मुलांना पाणी द्यायचं.

नवा पेशंट खुर्चीत बसला की बाई त्याला 'काय होतंय?' असं कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुणी पाठवलं?" आणि उत्तर मिळालं की दुसरा. "त्यांनी का पाठवलं?"

मलाही त्यांनी असंच तपासून कामावर घेतलं. "चिक्कडपल्लीहून चालत येणार? किती वेळ लागतो?"

"पंचवीस मिनिटं."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर बाई घामाघूम होऊन पंख्याखाली बसलेल्या. सकाळी रिक्षाने चिक्कडपल्लीला जाऊन तिथून घड्याळ लावून चालत आल्या होत्या. "मला पस्तीस लागली," त्या म्हणाल्या.

"मी भरभर चालते, बाई."

"बघू." आणि आठवडाभर त्या रोज जिन्याशी उभ्या राहून वेळ बघत होत्या.

त्यांचे वडील निजामाच्या काळापासून वकिली करत. घरात जेवायला बसल्यावरसुद्धा मुलींची उर्दूत उलटतपासणी चाले, असं बाई अभिमानाने सांगत. वकिली थोरल्या भावाकडे गेली, पण खोड बाईंकडे आली. दवाखान्यात त्या चार भाषा बोलत आणि चारही भाषांत जाब विचारत. "हां या ना में जवाब देना, बेटा. कहानी नक्को." टेबलाशी उभं राहून हे वाक्य ऐकताना मलाच उगाच काहीतरी कबूल करावंसं वाटे.

पण त्यांचा संशय नुसता स्वभावातून येत नव्हता. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, मुलं घाबरतात तुम्हाला."

त्या हात धूत होत्या. नळ बंद न करताच म्हणाल्या, "मंगला, तार मी लावते. ती तार महिन्यातून वीस मिनिटं माझ्या हातात असते. बाकीचा सगळा महिना ती त्यांच्या घरी असते. तिथे काय चालतं ते मला कोण सांगणार? मुलगा सांगणार नाही. आई तर नाहीच नाही. तारांना अडकवायचं रबर लावलं नाही, प्लेट कपाटात ठेवली, हिरड्या घासल्या नाहीत, की माझी सगळी विद्या पाण्यात. आणि दोन वर्षांनी नाव कुणाचं खराब होणार? बिलोलीकरचं."

प्रत्येक पेशंटच्या कागदावर लाल शाईने त्यांची टिपणं असत. 'जीभ पुढे ढकलतो. नाही म्हणतो.' 'पेन चावते.' 'रबर लावल्याचं सांगतो, पुडी भरलेली.' 'आई खोटं बोलते.' हा शेवटचा शेरा बऱ्याच कागदांवर होता.

संक्रांतीनंतरचा आठवडा म्हणजे दवाखान्याचा हंगाम. तेलुगू घरांतून संक्रांतीला सकिनालु करतात. तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली, गोल गोल वेटोळ्यांची कडकडीत तळलेली वस्तू. ती चावली की दातावर चिकटवलेली तारेची खिटी पटकन निघते. एका वर्षी अशीच एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. तीन खिट्या निघालेल्या.

"झोपेत निघाल्या," आई म्हणाली.

"अच्छा." बाईंनी आरसा घातला, टोकदार सळई घातली, मागच्या दाढेजवळ काहीतरी टोकरलं आणि कापसावर ठेवून आईपुढे धरलं. "ये क्या है?"

"तीळ," आई हळू आवाजात म्हणाली.

"झोपेत आला?"

मुलगा हसला. आईसुद्धा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो तीळ कागदाच्या पुडीत बांधला आणि मुलाच्या कागदाला टाचणीने लावून ठेवला. पुरावा!

ते दिवस बदलाचे होते. पूर्वी परदेशी तारा कुणाच्या तरी जावयाच्या बॅगेतून यायच्या. आता थेट मुंबईहून पार्सल येऊ लागलं. त्यात एक नवीन तार आली. कितीही वाकवली तरी आपोआप सरळ होणारी. विकणाऱ्या माणसाने ती बोटाभोवती गुंडाळून दाखवली. बाईंनी ती तार आठ दिवस टेबलावर ठेवली. येता-जाता वाकवायच्या, सोडायच्या, परत वाकवायच्या. "हाताला न विचारता काम करते ही," म्हणाल्या. शेवटी वापरायला घेतली, पण ती लावलेल्या पेशंटना महिन्याऐवजी तीन आठवड्यांनी बोलवत. तारेवरही पाळत.

आणि घाई आली. अमीरपेटेत संगणकाचे वर्ग भरभरून चालत होते, आणि जो तो अमेरिकेला निघालेला. एक तरुण इंजिनिअर व्हिसा मिळाल्याबरोबर तारा काढून घ्यायला आला. अजून चार महिने बाकी होते. बाईंनी हाड म्हणजे काय, दात हलवल्यावर त्याच्याभोवती नवीन हाड धरायला किती वेळ लागतो, हे त्याला नीट समजावलं. तो ऐकेना. शेवटी तारा काढल्या, रात्री लावायची प्लेट दिली. दोन वर्षांनी लग्नासाठी तो परत आला तेव्हा समोरचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढलेले.

"प्लेट रोज लावत होतो मॅडम," तो म्हणाला आणि डबी पुढे केली.

बाईंनी प्लेट खिडकीपाशी नेऊन बघितली. "रोज लावलेली प्लेट पिवळी पडते. ही माझ्यापेक्षा गोरी आहे."

अशा वेळी त्यांचं बरोबर असायचं. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर असायचं, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

माझा त्यांच्यावर राग नव्हता, पण मुलांची मला दया यायची. बाहेरच्या बाकावर एखादं पोर बसलं की मी हळूच विचारी, "रबर लावलंस का रे?" नसेल तर माझ्याकडची दोन रबरं देई. आत जाईपर्यंत पोर रबर लावून तयार. बाईंना हे कळलं होतं. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "तुझ्या पदरात बऱ्याच जणांची रबरं असतात म्हणे." त्या दिवसापासून माझ्या शब्दाचं वजन कमी झालं, हे मला जाणवलं.

लावण्या आली ती याच सुमाराला. बारा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, कुकटपल्लीहून दोन बस बदलून वडिलांबरोबर यायची. वडील राजय्या एका कारखान्यात फिटर होते. भरघोस काळी दाढी, बोलणं कमी. मुलीचा खालचा जबडा पुढे आलेला. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे. शाळेत मुली तिला काहीबाही नावाने चिडवत.

बाईंनी सवयीप्रमाणे विचारलं, "घरात आणखी कुणाची हनुवटी अशी आहे? आजोबा, काका, आत्या?"

"कोई नहीं मॅडम," राजय्या म्हणाले.

"तुमची? तिच्या आईची?"

"नहीं मॅडम."

आई पुढच्या खेपेला आली. तिचा चेहरा नीटस होता. बाईंनी कागदावर लिहिलं, 'घराण्यात नाही.' आणि लावण्याला पट्टा दिला. डोक्यावर कापडी टोपी, हनुवटीला वाटी आणि दोन्हींना जोडणारे रबरी पट्टे. जबडा वाढायच्या वयात त्याला मागे धरून ठेवायचं. दिवसाचे चौदा तास.

पहिले सहा महिने थोडा गुण आला. मग लावण्या एकदम उंच झाली आणि जबडा परत पुढे सरकायला लागला. मी ओतलेले प्लास्टरचे जबडे बाई शेजारी-शेजारी ठेवून परत परत बघत.

"पट्टा लावतेस?"

"लावते."

"किती तास?"

"चौदा. रविवारी जास्त."

बाईंनी राजय्यांना विचारलं, "रात्री ही पट्टा लावून झोपते का?"

"क्या मालूम मॅडम. मैं ड्यूटी पे रहता."

त्या दिवशी मी लावण्याला पाणी दिलं तेव्हा तिच्या हनुवटीखाली लालसर चट्टा बघितला. वाटी घासून कातडी सोललेली. मी आत जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चट्टा एका रात्रीतसुद्धा पडतो. इथे यायच्या आदल्या रात्री सगळेच प्रामाणिक असतात." आणि माझ्याकडे बघून, "तू मध्ये पडू नकोस."

मी पडले नाही.

पुढच्या महिन्यात बाहेर बाकं भरलेली होती. बाई दारात आल्या आणि सगळ्यांसमोर राजय्यांना म्हणाल्या, "मी यापुढे काही करू शकत नाही. ही पट्टा लावत नाही आणि लावते म्हणून सांगते. झूट बोलती है बच्ची."

लावण्या तेलुगूत काहीतरी म्हणाली. 'नेनु अबद्धम चेप्पलेदु.' मी खोटं बोलले नाही. ते वाक्य पूर्ण व्हायच्या आत राजय्यांनी तिच्या कानाखाली वाजवली. बाकावरची एक छोटी मुलगी रडायला लागली. लावण्या रडली नाही. तिने बापाकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर ते लोक आले नाहीत. बाईंनी लाल शाईने लिहिलं, 'इलाज बंद. सहकार्य नाही.' माझ्या मनातून तो चट्टा जाईना, पण मी तोंड उघडलं नाही.

दोनेक महिन्यांनी एक माणूस दवाखान्यात आला. डोकं, दाढी, मिशा, सगळं तुळतुळीत. मी ओळखलंच नाही. "लावण्या का एक्सरे होना," तो म्हणाला, तेव्हा आवाजावरून कळलं. राजय्या. तिरुपतीला जाऊन केस देऊन आले होते. मुलीला दुसरीकडे दाखवायचं होतं, म्हणून जुनी फिल्म न्यायला आलेले.

मी कागद काढत होते. बाई आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या बघत होत्या तिकडे. राजय्यांची हनुवटी लांब, पुढे आलेली, खालचा ओठ वरच्या ओठाच्या बाहेर. लावण्याचाच चेहरा, चाळीस वर्षांचा झालेला.

"बसा," बाई म्हणाल्या. ते बसले नाहीत. "मी तुम्हाला विचारलं होतं, घरात कुणाची अशी हनुवटी आहे का?"

राजय्यांनी हात हनुवटीवर नेला. दाढी नाही हे त्यांच्या बहुतेक तेव्हाच लक्षात आलं.

"हां या ना," बाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मेरे बाप का भी था मॅडम. मेरी बहन का शादी नहीं हुआ इसके वास्ते. मैं बोलता तो लिख के रखते आप. कल कोई रिश्ते वाला पूछता तो?"

"आणि पट्टा? तो ती लावत होती?"

त्यांनी हनुवटीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "मैंच बांधता था मॅडम. रोज. ड्यूटी पे जाने से पहले."

"मग तिला मारलंत का?"

"आप बोले बच्ची की गलती है." त्यांनी जमिनीकडे बघितलं. "मेरे को अच्छा लगा. मेरे खून की नहीं, उसकी गलती है बोलके."

बाईंनी त्यांना फिल्म दिली नाही. "ही मी स्वतः घेऊन येते. रविवारी घरी आहे ना ती?" राजय्या संशयाने बघत राहिले. डॉक्टर घरी कशाला येणार, हे त्यांना उमगेना.

बाईंनी वेळेवर लावण्याचा नवीन एक्सरे काढला असता, जुन्या फिल्मशेजारी ठेवून हाड किती वाढलंय ते मोजलं असतं, तर दाढी उतरायची वाट बघावी लागली नसती. बाईंना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मुलगी खोटं बोलते अशी खात्री असल्यावर फिल्म कोण काढतं?

रविवारी दुपारी आम्ही दोघी बसने कुकटपल्लीला गेलो. हाउसिंग बोर्डाच्या चाळीसारख्या एकसारख्या घरांतलं एक घर. दार लावण्यानेच उघडलं. भर दुपारी तिच्या डोक्यावर टोपी, हनुवटीला वाटी, आणि पट्टे इतके घट्ट की गालांवर वळ उमटलेले. दवाखान्यात मार खाल्ला त्या दिवसापासून शाळेची वेळ सोडली तर ती पट्टा काढतच नव्हती. घरात तिला कुणी काढ म्हणत नव्हतं.

ती आईच्या मागे सरकली. बाई तिच्यापाशी गेल्या आणि न विचारता टोपीची बकलं सोडवायला लागल्या. वाटीखाली कातडी ओली होती.

"लावण्या," त्या तेलुगूत म्हणाल्या, "तू रोज पट्टा लावत होतीस. मी तुला खोटारडी म्हणाले. चूक माझी होती."

लावण्याने हनुवटी चोळली. मग खाटेवर बसलेल्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "नानम्माला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगा."

नानम्मा म्हणजे तिची आजी. बाईंनी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं.

"अजून."

बाईंनी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. कोपऱ्यात राजय्या भिंतीला टेकून उभे होते. लावण्या त्यांच्याकडे वळली नाही. तिने बाईंनाच विचारलं, "मग हा आता लावायचा नाही?"

"नाही. तुझं हाड वाढतंय, ते पट्ट्याला ऐकणार नाही. अठरा-एकोणीस वर्षांची होईपर्यंत वाढेल. मग ऑपरेशन करून मागे घेता येईल. तोपर्यंत काही करायचं नाही."

"सहा वर्षं अशीच?"

"अशीच."

तेव्हा ती रडली.

परतीच्या बसस्टॉपवर बाई म्हणाल्या, "तू मला चट्ट्याचं सांगितलं होतंस."

"हो."

"परत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

त्यांनी माझ्याकडे त्यांच्या त्या नजरेने बघितलं. "हे खरं, की आत्ता सुचलं?"

खरं सांगायचं तर मला नोकरीची भीती वाटली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू एवढ्या सगळ्यात एक गोष्ट तरी नीट सिद्ध झाली.

बाई काही त्या दिवसापासून भोळ्या झाल्या नाहीत. तीळ शोधणं चालू राहिलं, 'कुणी पाठवलं' चालू राहिलं. फक्त मुलावर आरोप करायच्या आधी त्या आता मला आत बोलवत. "मंगला, माझ्याकडे पुरावा काय आहे ते मोज." मी मोजी. पुरावा कमी पडला की त्या चिडत, पण एक्सरे काढायला पाठवत.

लावण्या एकोणीस वर्षांची झाल्यावर परत आली. एकटी. दीड वर्ष बाईंनी तिला तारा लावल्या आणि मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. आधी बाईंनी तिला काय काय बिघडू शकतं ते एकेक करून सांगितलं होतं. त्यातलं एक घडलं. खालच्या ओठाची डावी बाजू बधिर राहिली. चहा गरम आहे की थंड, ते त्या बाजूला कळत नाही, असं ती म्हणाली. दात मात्र बरोबर बसले आणि चेहरा तिला आवडला. ती आरशासमोरून हलेना. बाईंनी कागदावर लिहिलं, 'पूर्ण यश नाही.' लावण्याने ते उलटं वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, ते खोडा." बाईंनी खोडलं नाही. पुढे 'पेशंट समाधानी' असं जोडलं.

राजय्या त्या वेळी बाहेर बाकावर बसून होते. मुलीने त्यांना आत बोलावलं नव्हतं. दाढी त्यांनी परत वाढवली होती.

पुढे बाईंचं वय झालं. शहरात काचेचे, थंडगार दवाखाने निघाले आणि बरकतपुऱ्यातला जिना चढायला लोक कंटाळू लागले. बाईंनी दवाखाना बंद केला. आमची भेट कमी होत गेली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते रिक्षातून. नारायणगुड्याच्या चौकात सिग्नल लागला होता. कोपऱ्यावर एक नवं दंतचिकित्सालय होतं. काचेवर माणसाएवढे दोन फोटो, एकात वाकड्या दातांची मुलगी, दुसऱ्यात तीच मुलगी सरळ दातांची. फोटोसमोर खळीच्या सुती साडीत बिलोलीकर बाई उभ्या. चष्मा कपाळावर सरकवलेला, नाक काचेला जवळजवळ टेकलेलं.

वॉचमन आला. "अम्मा, जरा हटो. रास्ता है."

बाई हटल्या नाहीत. त्यांनी आधी एका फोटोतल्या कानावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या फोटोतल्या. "ये देखो. इसकी कान की पाळी चिकटलेली आहे, इसकी मोकळी आहे. दो अलग लडकियां हैं." भाषांची सरमिसळ झाली होती, पण आवाज तोच.

मी हाक मारणार तोच सिग्नल सुटला आणि रिक्षा निघाली. मी मागे वळून बघत राहिले. वॉचमनने आधी इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढून बगलेत धरली आणि खाली वाकून एक कान बघितला. मग दुसरा. मग परत पहिला.